दोन पाळ्यांमधली फट

चादरीच्या घडीला कान होता. झालं एवढंच, पण कधीकधी एवढंही पुरतं. तो घरी आला, बूट काढले आणि सवयीने आधी फळीकडे पाहिलं. वाटी पालथी होती, म्हणजे आईचं दुपारचं औषध झालं. टॉवेल डावीकडच्या खुंटीवर होता, म्हणजे अंग पुसून झालं. खिडकीचं एक दार लोटलेलं होतं, म्हणजे आई झोपली आहे, आवाज करू नये. सगळं जिथल्या तिथे. मग सदरा बदलायला तो आतल्या खोलीत गेला आणि पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या चादरीकडे त्याचं लक्ष गेलं. तीन पदरी घडी, कडा पट्टी लावून बघाव्या अशा एकावर एक, आणि वरच्या कोपऱ्याचं टोक मुडपून बाहेर काढलेलं, अंगठ्यात धरून एका हिसक्यात चादर उलगडता यावी म्हणून. असा कान त्याने शेकडो वेळा पाहिला होता, पण इथे नाही. तो नोकरी करत होता त्या धुलाईच्या कारखान्यात. तिथे रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या मळक्या चादरी ढकलगाड्यांतून आत यायच्या आणि दुसऱ्या दारातून घड्या होऊन बाहेर जायच्या. तिथला कान आपल्या पलंगावर कसा आला, ते त्याला कळेना.

त्याच्या बायकोला घडी घालता येत नसे. त्यांच्या संसारातली ही सगळ्यात जुनी थट्टा. धुलाईच्या कारखान्यातल्या माणसाची बायको आणि चादरीचं बोचकं करते, असं तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "तुमच्या चादरी शाळेत जातात. माझ्या घरीच वाढल्यात." तो पलंगाच्या कडेवर बसला. तिनेच घातली असणार, दुसरं कोण घालणार? शिकली असेल. हल्ली तिचं सगळंच नीटनेटकं झालं होतं. पूर्वी कंगवा मोरीच्या कट्ट्यावर, चहाचा कप खिडकीत, उशीवर उघडं पुस्तक पालथं. गेले कित्येक दिवस एकही कप जागा चुकला नव्हता. त्याला ते आवडलंही होतं. नीट वेळापत्रक लावलं की माणूस आपोआप सुधारतो, असं त्याने मोठ्या साहेबांना घरचंच उदाहरण देऊन सांगितलं होतं. आता तो चादरीचा कान अंगठ्यात धरून तिचा चेहरा आठवायला लागला, तर चेहरा येईना. ओले केस पुसतानाची मान आली. हसताना वर जाणारा ओठाचा कोपरा आला. कपाळ आलं, डोळे आले, पण सुटे सुटे आले आणि एकमेकांना चिकटेनात. शेवटचं तिला समोरासमोर कधी पाहिलं होतं? दारात उभी होती. अंगावर शाल होती. म्हणजे थंडी होती. त्याने वर पाहिलं. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि तरी त्याच्या पाठीला घाम आला होता.

बाहेरच्या खोलीत आई जागी झाली. झटक्याने आईचं अर्धं अंग नेलं होतं आणि जवळजवळ सगळी वाचा. उरले होते चार-दोन शब्द. पाणी. नको. बाळ. त्याने तिला उशीला टेकवून बसवलं, चमच्याने सूप भरवायला घेतलं, आणि आपण सहजच विचारतोय असं दाखवत विचारलं, "आई, ही कशी आहे गं?" स्वतःच्या बायकोची खुशाली आईला विचारायची, आणि तीही एका घरात राहून! त्याला लाज वाटली. आईने चांगला डोळा त्याच्यावर रोखला. "बरी आहे ना?" त्याने पुन्हा विचारलं. "माझं," आई म्हणाली. हा शब्द नवा होता. गेल्या काही महिन्यांत केव्हातरी आला होता, कुठून कुणास ठाऊक. कधी तो दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच आई म्हणे, माझं. कधी झोपेतही म्हणे. "काय तुझं, आई? काय हवंय?" तो उशी दाखवी, चष्मा दाखवी, भांडं दाखवी. आई चिडून डोळा मिटून घेई. आजही तिने तो तसाच मिटला आणि सूप ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यापर्यंत ओघळलं.

हा शब्द आपण दुसरीकडे कुठेतरी ऐकला आहे, हे त्याला आजच जाणवलं. चादरीचा कान आणि हा शब्द एकाच ठिकाणचे होते. कारखान्यात एक जुनी चाल होती. पाळी सुटताना जाणारी बाई यंत्रावर हात ठेवून म्हणायची, "तुझं." येणारी आपला हात ठेवायची आणि म्हणायची, "माझं." उत्तर कानावर पडल्याशिवाय जाणारीने पाय उचलायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मुकादम सांगायचा की फार पूर्वी दोघींनाही वाटलं, चादरींना इस्त्री करणाऱ्या रुळाकडे दुसरी बघतेय, आणि तापलेल्या रुळाने एकीची बोटं चादरीबरोबर आत ओढून घेतली. तेव्हापासून ही चाल. तिथे अहो-जाहो नव्हतं, सासूच्या वयाच्या बाईलाही तुझंच म्हणायचं. त्याला ते लहान मुलांच्या खेळासारखं वाटायचं. कामगारांच्या पाळ्या लावणं हे त्याचं काम. कुठल्या वेळी किती माणसं हवीत, किती नकोत, कुणाला अर्धी पाळी पुरेल, हे तो ठरवायचा, आणि या कामात त्याचा हात कुणी धरला नसता. पाठीमागे सगळे त्याला कात्री म्हणत. त्याला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. एक पाळी सुटायच्या आधीच दुसरी येऊन उभी राहते, आणि तेवढा वेळ एका रुळाला दोन बायका, एका गाडीला दोन गडी, दोघांचाही पगार चालू, ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांत कशी खुपली नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्याने ती मधली वेळ कापून टाकली. एका दाराने पाळी बाहेर गेली की मगच दुसऱ्या दाराने पुढची आत. कुणाला कामावरून काढायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त फट मिटवायची. मोठे साहेब खूश होऊन म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला!" त्या भरात मग त्याने काही रुळांवर दोघींच्या जागी एक केली. कमी केलेल्या कुठे गेल्या, ते त्याने विचारलं नाही. ते त्याच्या कामात बसत नव्हतं.

आणि मग त्याने तीच कात्री घरी आणली. आईला एकटं ठेवता येत नव्हतं. सांभाळायला बाई ठेवू, असं बायकोचं म्हणणं. तो म्हणाला, "आपण दोघं असताना तिसरं माणूस कशाला? वेळा नीट लावल्या की झालं." तिने रुग्णालयातल्या नोंदणीच्या खिडकीवर रात्रपाळी घ्यायची. तो सकाळी निघाला की तिने यायचं, दिवसभर आईजवळ, तिथेच झोप काढायची. तो यायच्या थोडं आधी तिने निघायचं, तेवढा वेळ आई झोपलेलीच असते. सुट्टीतही एकाने घर सांभाळायचं आणि दुसऱ्याने बाहेर विसावा घ्यायचा. ती आपल्या बहिणीकडे जायची. दोघं घरी म्हणजे पुन्हा एका कामाला दोन माणसं, नाही का? सुरुवातीला दारात गाठ पडायची. ती औषधाचं सांगायची, आईचं सांगायची, मग कामावरचं, मग कुठलंतरी तिसरंच, आणि निघायला उशीर व्हायचा. म्हणून त्याने वाटीची, टॉवेलची, खिडकीची खूण बसवून दिली. बोलायचं कामच उरलं नाही. ती तेव्हा हसली होती. "आता आपला संसार मुक्यानेच चालणार म्हणा." मग एकदा थंडीत ती तो येईपर्यंत मुद्दाम थांबली होती, आणि शाल घेऊन दारात उभी राहून आणखी काहीतरी म्हणाली होती. एकच शब्द होता. तो काहीतरी खरडत होता, त्याने वर न बघता उत्तरही दिलं होतं. काय म्हणाली होती ती? त्याला आठवेना. कपाटाच्या तिच्या बाजूच्या मुठीवर त्याने हात ठेवला. आत तिचे कपडे आहेत की नाहीत एवढं बघितलं तरी पुरे होतं. मूठ थंड लागली. उगाच काहीतरी, तो म्हणाला, आणि हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुकादम त्याच्या काचेच्या खोलीत आला. मुकादम म्हणजे कारखान्याचं हलतं-चालतं भिंतीवरचं घड्याळ, साहेब आले नि गेले, हा आपला तिथेच. "साहेब, बायका पुन्हा कुरकुर करायला लागल्यात." "कशाबद्दल?" "तेच. चौथ्या रुळावर कुणीतरी आहे म्हणतात." ही तक्रार जुनी होती. पाळ्यांमधली वेळ कापल्यापासून यंत्रं थोडा वेळ एकटीच चालत, बंद करून पुन्हा तापवायची म्हणजे खर्च. येणारीला रूळ गरम मिळायचा, चादर अर्धी आत गेलेली मिळायची, पण माणूस मिळायचं नाही. आत्ता इथे कुणीतरी होतं आणि आत्ता नाही, असं वाटून बायकांच्या अंगावर काटा यायचा. आणि जाणाऱ्या बायका सवयीने रिकाम्या जागेकडे बघून "तुझं" म्हणत. त्याला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. "आता काय नवीन?" "आता उत्तर येतं म्हणतात." "काय?" "माझं. असं उत्तर येतं म्हणतात. मी नाही ऐकलं, उगाच कशाला खोटं बोलू? पण तिघी-चौघींनी ऐकलंय." "फुकट उत्तर देतेय ना?" तो म्हणाला. "मग राहू दे की. आपलं काय जातंय!" मुकादम हसला नाही. तो स्वतःही हसला नाही. आदल्या संध्याकाळी आईच्या तोंडून ऐकलेला तो शब्द त्याच्या कानात पुन्हा वाजला, जाड, अर्ध्या ओठातून आलेला.

भोंगा झाला तेव्हा तो खाली उतरला. इतके महिने त्याने ती फट वरून, काचेतून पाहिली होती, आणि त्याला ती फार आवडायची. एवढा मोठा दालनभर पसारा, माणूस नाही, आणि सगळं चाललेलं. आज तो प्रथमच त्या फटीच्या आत उभा होता. बाहेर टळटळीत दुपार होती. छताच्या काचांतून उजेड पांढऱ्या वाफेवर पडत होता आणि वाफ कुणीतरी नुकतंच तिच्यातून चालत गेल्यासारखी दुभंगून पुन्हा जुळत होती. ड्रम घुरघुरत होते. एक ढकलगाडी उतारावर हलकेच सरकली आणि थांबली. चौथ्या रुळावरून चादर येत होती, गरम, सपाट, न थकता, आणि पुढच्या पाटावर पडून आपल्याच वजनाने दुमडत होती. एक पदर. दुसरा पदर. तो बघत राहिला. कमी केलेली माणसं जातात कुठे? हा प्रश्न त्याला उभ्या जन्मात पडला नव्हता. कुठेतरी जातातच असं आपण धरून चालतो. पण समजा ती कुठेच जात नसतील, समजा ती अशाच फटींत राहायला येत असतील, कारखान्यातल्या, घरातल्या, जिथे जिथे दोन माणसांनी भेटायचं आणि भेटत नाहीत तिथे? त्याने रुळाच्या कडेच्या दांड्यावर हात ठेवला. दांडा ऊबदार होता, पण ती यंत्राची ऊब नव्हती, हाताची होती, असं त्याला वाटलं आणि वाटल्याबरोबर ते खरंच झालं. "तुझं," तो म्हणाला. आपण का म्हणालो ते त्याला कळलं नाही. ड्रमची घुरघुर चालू होती. वाफेने एक सुस्कारा सोडला. आणि मागून, अगदी खांद्याशी, कुणीतरी श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.

"साहेब," मुकादम म्हणाला. त्याने इतक्या जोरात दचकून मागे पाहिलं की मुकादमच दोन पावलं सरकला. "काय झालं? भूत बघितल्यासारखं करताय." "काही नाही." तो घाम पुसू लागला. "मुकादम, चादरीला कान कोण काढायचं?" "कान? सगळ्याच थोड्याफार काढतात. पण खरा कान म्हणाल तर ती, या चौथ्यावरची. कानवालीच म्हणायचे तिला. तिच्यासारखी घडी नंतर कुणाला जमली नाही." "मग आहे कुठे ती?" मुकादम त्याच्याकडे बघतच राहिला. कपाळावर हात मारून घ्यावा की नाही, असा विचार करणाऱ्या माणसासारखा. "साहेब, तुम्हीच कमी केलीत की तिला. थंडीच्या आधी. बिचारी दोनदा तुम्हाला भेटायला वरही आली होती, तुम्ही बैठकीत होता. आता कुठे असते देव जाणे." येणारी पाळी दुसऱ्या दाराने आत शिरत होती. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. एक बाई चौथ्या रुळापाशी आली, त्याच्या हाताच्या शेजारी आपला हात ठेवला आणि रिकाम्या जागेला हलक्या आवाजात म्हणाली, "माझं."

तो तसाच हजेरीच्या यंत्रापाशी गेला. आपली पाळी संपायच्या आधी कार्ड छापायची त्याची ही पहिलीच वेळ. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "साहेब, बरं नाही का?" तो म्हणाला, "घरी काम आहे." काम कसलं? बायकोला बघायचं होतं. या वेळी ती अजून घरी असणार, आईचं औषध करून निघायच्या तयारीत. रस्ता भलत्याच वेळी दिसल्यामुळे परका दिसत होता. न्हाव्याचं दुकान बंद असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या इमारतीच्या पायरीवर दुपारी एक मांजर झोपतं हे ठाऊक नव्हतं. ती मात्र हे सगळं रोज बघत असेल. काय बोलायचं तिच्याशी? म्हणेल, आज लवकर कसे? मग आपण म्हणायचं, तुझा चेहरा विसरलो, म्हणून आलो. छे! असं कुणी म्हणतं का? म्हणायचं, घडी छान घातलीस. हो, हे बरं. ती म्हणेल, अखेर दिसली म्हणायची तुम्हाला. जिना चढता चढता त्याला एकदम भरून आलं. ती हवी होती त्याला. औषध देणारी नाही, आईजवळ बसणारी नाही, ती. खिडकीत कप विसरणारी. आपण तिला रोज थोडी थोडी कापत आणली, हे त्याला त्या जिन्यावर लख्ख कळलं, आणि अजून उशीर झालेला नसू दे असं तो मनातल्या मनात म्हणू लागला, परीक्षेचा निकाल बघायला जाणाऱ्या पोरासारखा.

दाराआडून बोलणं ऐकू येत होतं. बाईचा आवाज, आणि मधेच आईचं हसणं. आई हसते? तो किल्ली हातात धरून उभा राहिला. आतला आवाज त्याला ओळखीचा वाटला आणि नाहीही. इतक्या दिवसांनी आवाज तरी कसा ओळखणार? किल्लीने दार उघडावं हे त्याला बरं वाटेना. स्वतःच्या घराचं दार त्याने वाजवलं. आत एकदम शांत झालं. मग पावलं आली, दार उघडलं, आणि समोर एक अनोळखी बाई उभी होती. चाळिशीची, हडकुळी, हाताच्या पाठीवर जुने भाजल्याचे डाग, आणि खांद्यावर त्याच्या घराचा टॉवेल. तिने त्याला बघितलं, टॉवेल खाली घेतला आणि म्हणाली, "आलात का? बसा, पाणी आणते," जसा काही तोच पाहुणा होता.

"तू कोण?" "मी चौथ्या रुळावरची." तिला वाटलं एवढ्याने कळेल. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने पाणी आणायचं सोडून दिलं आणि आईच्या पलंगाच्या कडेला टेकली. "साहेब, मी तुम्हालाच भेटायला आले होते इथे. कामाचं विचारायला. तुम्ही नव्हता. बाई होत्या. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, उद्यापासून माझ्या जागी येशील?" "तिच्या जागी?" "हो. वाटीचं, टॉवेलचं, खिडकीचं सगळं त्यांनीच शिकवलं. दोन-चार दिवस दोघी मिळून केलं. मग त्या गेल्या." "कुठे गेली?" "दुसऱ्या गावी बदली मागून घेतली त्यांनी. माझा पगार दर महिन्याला तिकडूनच येतो, एकदाही चुकला नाही हं, खोटं कशाला सांगू." तो भिंतीला टेकला. "केव्हा?" त्याने विचारलं, जरी त्याला उत्तर माहीत होतं. "पंखे लावायच्या आधी. थंडी होती. शाल घेऊन गेल्या." "आणि मला कुणीच सांगितलं नाही?" बाई गोंधळली. तिला हे सगळं बोलायचं नव्हतं असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि ती वाईट बाई नव्हती. "मी म्हटलं होतं त्यांना, साहेब ओरडतील. तर म्हणाल्या, ते विचारतील त्या दिवशी सगळं सांग. मी म्हटलं, आज ना उद्या विचारतीलच की. त्या म्हणाल्या, बघू." तिने हातातल्या टॉवेलची घडी घातली. "मग मी रोज वाट बघायची. आज विचारतील, उद्या विचारतील. कालसुद्धा मुद्दाम कान काढून ठेवला चादरीला. म्हटलं, तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला तरी कळेल."

कपाट उघडायची आता गरज नव्हती. जागा भरलेली होती, काम होत होतं, वाटी पालथी पडत होती, आणि त्याने एवढ्यावरून रोज रात्री निवांत झोप काढली होती. तिने त्याच्याशी भांडण केलं नाही, चिठ्ठी ठेवली नाही. त्याच्याच पद्धतीने त्याच्यासाठी एक फट तेवढी ठेवली आणि त्याला ती दिसते का याची वाट बघितली. किती दिवस वाट बघितली असेल? पहिले काही दिवस तरी तिकडे बसून ती दाराकडे कान लावून असेल. आज विचारलं का, ते या बाईला कळवायला सांगत असेल. मग हळूहळू तेही थांबलं असेल. त्याला रडू आलं, पण ते बाहेर पडेना, कारण बाई उठून आईचं पांघरूण सारखं करत होती आणि घड्याळाकडे बघत होती. "साहेब, मला निघायला हवं. संध्याकाळी आणखी एक घर आहे." "आई बोलते तुझ्याशी?" तो कसाबसा म्हणाला. "अहो, बोलतात तर! एक शब्द तर मीच शिकवला. इथे कुणी यायच्या आधीच निघायचं म्हणजे माझा पायच निघेना, सवय ना ती कारखान्याची. म्हटलं, कुणाच्या तरी हाती देऊन जावं. मग यांच्याच हाती देते. तेवढा मधला वेळ स्वतःच स्वतःला सांभाळतात बिचाऱ्या." तिने आईच्या चांगल्या हातावर हात ठेवला. "तुझं," ती म्हणाली. आईने आपला हात फिरवून तिच्या हातावर ठेवला. "माझं," आई म्हणाली, स्वच्छ, सगळ्या ओठांनी.

बाई चपला घालून बाहेर पडली. दार उघडंच राहिलं. आणि त्या उघड्या दारात त्याला तो शब्द आठवला. शाल घेऊन ती तिथेच उभी होती. कारखान्यातल्या बायकांची ती गंमत त्यानेच तिला कधीतरी हसत हसत सांगितली होती. त्या दिवशी दाराच्या चौकटीवर हात ठेवून ती म्हणाली होती, "तुझं." त्याला ती कधी अरे-तुरे करत नसे, म्हणून तर तो शब्द इतका वेगळा वाजला होता. आणि तो वर न बघता म्हणाला होता, "ते कापलं आता." ती हसली असेल असं त्याने धरून चाललं. पण जिन्यावर पावलं वाजली नव्हती. हेही आता आठवलं. बराच वेळ वाजली नव्हती. अजून गेली कशी नाही ही, उशीर होईल ना हिला, असं तेव्हा त्याच्या मनात येऊन गेलं होतं, आणि मग केव्हातरी, फार उशिरा, पावलं एक एक करून खाली गेली होती.

तो जिन्याच्या माथ्यावर आला. कठड्यावर हात ठेवला. तिथे कुणी नव्हतं, भिंतीवर दुपारचा उजेड होता आणि पायऱ्या रिकाम्या खाली वळत गेल्या होत्या. "माझं," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, इतक्या मोठ्याने की शेजारचं दार किलकिलं झालं, "माझं!" जिन्याने तो आवाज मजल्यामजल्याने खाली नेला. खाली, दारापाशी पोचलेली बाई थांबली असावी.

"ऐकलं हो, साहेब!" तिने खालून ओरडून सांगितलं, आणि तिच्या चपला रस्त्याला लागल्या.